चार तोंडांची गाडी

सात वाजून वीस मिनिटं झाली होती मामा, आठ नव्हे. आठ कुणी सांगितलं तुम्हाला — तुमच्या लेकानं, विनोदनं? तो तेव्हा देवनहळ्ळीला अंथरुणात होता. गाडीत मी होते. मी चालवत होते, मागे तुमच्या अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांच्या शेजारी रूपी तिच्या खुर्चीत पट्टा बांधून, आणि समोरच्या घड्याळात सात वीस. अजून डोळे मिटले की ते आकडे दिसतात मला, हिरवे हिरवे. — बसा ना, उभे का? चावी मागायला आलात म्हणून काय उभ्यानंच मागायची? काफी ठेवलीय. चावी नाही मिळायची, काफी मिळेल. हसू नका, मी हसण्यासारखं काही बोलत नाहीये.

काय निरोप घेऊन आलात ते ठाऊक आहे मला. दसऱ्याच्या दुपारी सासूबाई टॅक्सी करून तुमच्याकडे गेल्या त्या अजून आल्या नाहीत. ह्यांनी फोन केला की घेत नाहीत, रूपीनं केला की तिच्याशी बोलतात आणि ठेवून देतात. भावाच्या घरी राहावं, चार दिवस काय महिना राहावं, माहेर आहे त्यांचं. पण राहण्याची अट काय — तर गाडी सुनेच्या हातात आहे तोवर बनशंकरीच्या घरात पाऊल टाकणार नाही. विका, नाहीतर चावी गॅरेजातल्या जयसिंगकडे द्या. असंच ना? शब्दसुद्धा हेच ना? मला माहीत आहेत हो त्यांचे शब्द, सहा वर्षं एका स्वयंपाकघरात आहे मी त्यांच्याबरोबर. आणि त्यावर तुमच्या विनोदकुमारनं फोडणी दिली — बाई माणूस, घाबरली, ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला. ऑफिसात एसीत बसून त्याला इथलं सगळं दिसलं. पाय चुकला म्हणे तिचा. तिचा म्हणजे माझा.

माझा पाय चुकला! मामा, त्या गाडीत दुसरं काहीही चुकेल, माझा पाय नाही चुकणार. का ते सांगते, काफी घ्या आणि ऐका, कारण तिकडं जाऊन तुम्हाला बोलायचंय. साध्या गाडीला हवा ओढायला एकच तोंड असतं. त्या एका तोंडातून हवा आत जाते आणि मग चार सिलिंडरांत वाटली जाते — जो जवळ त्याला भरपूर, जो कोपऱ्यात त्याला उरलंसुरलं. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानाला जिलबीचा तुकडा येतो ना, तसं. ह्यांनी काय केलं — तुमच्या दयानंदनं — अपघातात मोडलेल्या एका मोठ्या बाइकवरचे थ्रॉटल आणले, चार, एका दांड्यावर ओवलेले, आणि आमच्या ह्या जुन्या गाडीला बसवले. आता प्रत्येक सिलिंडरला त्याचं त्याचं तोंड. बॉनेट उघडलं की चार कर्णे एका रांगेत दिसतात, चकचकीत, तुम्हीही पाहिलेत की, नारळ फोडला तेव्हा. प्रत्येक कर्ण्याच्या आत एक गोल चकती. पाय दाबला की चारही चकत्या एकदम उघडायच्या, पाय उचलला की चारही एकदम मिटायच्या. एकदम — सगळी मेख तिथं आहे. एक जरी केसभर मागं राहिली तरी गाडी खोकायला लागते.

आता तुम्ही म्हणाल, हे उद्योग घरच्या गाडीवर कशाला. सगळे हेच म्हणाले. मीही म्हणाले होते, खोटं कशाला बोलू. मी तर दोन दिवस जेवले नाही, म्हटलं ह्या गाडीत माझं लेकरू बसायचंय आणि तुम्ही तिला शर्यतीचं इंजिन लावताय? तेव्हा हे म्हणाले, अग, रविवारी झाकण काढून मिरवायची गाडी कुणीही करील, इंदिरानगरची पोरं करतातच. पण जी रोज सकाळी शाळेला जाते, ट्रॅफिकमध्ये अर्धा अर्धा तास रांगते, पावसात उभी राहते, एसी लावला तरी बंद पडत नाही — अशी चार थ्रॉटलची गाडी दाखवली तर गिऱ्हाईक समजेल की गॅरेज कुणाचं आहे. मामंजींच्या वेळचं कार्बोरेटरचं काम आता कुठं राहिलं? ते गेले, कार्बोरेटर गेले. तर ही गाडी म्हणजे आमच्या गॅरेजची पाटी आहे मामा. फिरती पाटी. ती तुम्ही विकायला सांगताय.

आणि ते ट्यूनिंग कुणी केलं असं वाटतं तुम्हाला? ह्यांनीच केलं, मी नाही म्हणत नाही, अक्कल त्यांचीच. पण लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडी चालवता येत नाही ना! ते शेजारी बसायचे, वायरी कुठून कुठे, आणि चालवायची मी. पहाटे इंजिन थंड असताना एक फेरी, दुपारी उन्हात एक, संध्याकाळी सिग्नलच्या गर्दीत एक. "स्वल्प दाब. — अजून स्वल्प. — हां, तिथंच धर." आणि मी धरायची. तुम्हाला सांगते, पायाखाली बोटभर जागा असते हो, त्या बोटभर जागेत सगळं. दूध वर यायला लागलं की गॅस कसा कमी करतो आपण, बंद नाही करत, कमी करतो — तसा पाय. आणि मागून कुणी हॉर्न देवो, कुणी शिवी देवो, तिथंच धरायचं. माझ्या जन्मात मला सगळ्यांनी सोड सोडच म्हटलंय मामा. शाळा सोड, हे सोड, ते सोड. तिथंच धर असं म्हणणारा हा एकच माणूस भेटला, आणि तोही लॅपटॉपकडे बघत म्हणत होता.

सुरुवातीला कशी होती गाडी! उचक्या द्यायची. गर्दीत रांगताना पुढे-मागे, पुढे-मागे, रूपीनं दोनदा ओकून सीट भरवली. मी म्हटलं, बास, काढा हे. ते म्हणाले, एक आठवडा दे. मग रोज थोडं थोडं, कधी हवा, कधी पेट्रोल, कधी एकेका कर्ण्याला रबरी नळी लावून कानानं ऐकायचं की चौघांचा श्वास सारखा आहे का — आणि एक दिवस सिल्क बोर्डाच्या गर्दीत मी आरशात बघते तर रूपी झोपलेली. मान टाकून, तोंड उघडं टाकून. मी ह्यांना म्हटलं, बघा मागे. त्यांनी पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. त्या दिवसापासून आमच्याकडे तेच माप — पोर झोपलं म्हणजे ट्यूनिंग जमलं. आता सांगा, ती गाडी माझ्या पायावर बसलीय की नाही? तुमचा विनोद आला ना परवा, ह्यांनी भिडेखातर दिली चावी, मी अंघोळीला होते म्हणून — काय झालं सांगितलं का त्यानं घरी? फाटकातसुद्धा बाहेर काढता आली नाही! सुरू करायची, बंद पाडायची, सुरू करायची, बंद पाडायची. समोरच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, अण्णा, ढकलू का? लाल झाला नुसता. तो मला सांगणार पाय कुणाचा चुकला.

नाही, रागानं नाही बोलत. — बरं, रागानंच बोलतेय.

व्हॅन? व्हॅननं पाठवायचं रूपीला? मामा, तुम्ही पाहिलीत का ती व्हॅन? सहा जागांत बारा पोरं, दप्तरं टपावर, आणि ड्रायव्हर फोन कानाला लावून. मी एकदा तिच्या मागे मागे गेले, शाळेपर्यंत. त्या दिवसापासून घरात व्हॅनचं नाव काढू देत नाही मी. रात्रीसुद्धा उठून तिच्या नाकाशी बोट धरणारी बाई मी, माहीत आहे सगळ्यांना, हसतात मला. सीटचा पट्टा मी दोनदा ओढून बघते, निघाल्यावर सिग्नलला पुन्हा हात मागे करून बघते. तिला मी व्हॅनमध्ये टाकू? माझ्या हातात स्टिअरिंग असलं की माझा जीव ठिकाणावर असतो. एरवी नसतो. तिला शाळेत सोडून मी तशीच पुढे जाते कनकपुरा रस्त्यानं, खिडकी खाली करून, तो आवाज ऐकत — चारही कर्णे एकदम ओढतात ना, तेव्हा असा — म्हणजे कधी कधी जाते. रोज नाही. भाजी त्या बाजूला स्वस्त असते. — बरं, भाजी नाही. तशीच जाते. कशाला खोटं बोलू तुमच्याशी, नुसती जाते आणि परत येते. आता हेही सांगा हवं तर त्यांना. सून पेट्रोल जाळत हिंडते म्हणून सांगा.

त्या दिवशीचं विचारताय ना? सांगते. दसऱ्याची सकाळ, हे स्कूटरवरून पुढे गेले होते देवळात रांग धरायला, आम्ही तिघी मागून. रस्ता मोकळा, बहुतेक गाड्यांना अजून आदल्या दिवशीच्या केळीचे खुंट बांधलेले. पुलावर चढताना मी पाय दाबला. दाबला म्हणजे रोजच्यासारखा, चढाला लागतो तेवढा. वर पोचले, पाय उचलला — आणि वेग उतरायलाच तयार नाही हो. पाय वर, आणि गाडी धावतेय. मला वाटलं मॅट अडकली. पायानं मॅट सारली, मॅट जागेवर. मग ब्रेक. पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा अर्धा. तिसऱ्यांदा दगडावर पाय ठेवल्यासारखं. कारण असं असतं, त्या ब्रेकला इंजिनाची ओढ लागते, आणि चकत्या मिटल्या तरच ती ओढ मिळते. एक उघडी राहिली तर ती बाकीच्यांनाही मिटू देत नाही, एका दांड्यावर आहेत ना सगळ्या. ह्यांनी त्यासाठी एक छोटी टाकीसुद्धा बसवलीय, पण टाकीत मावेल तेवढंच. समोर उतार, उताराच्या तळाशी एळनीरवाला, शहाळ्यांचा ढीग घेऊन रस्त्याच्या कडेला, आणि त्याच्यापाशी माणसं. मागे अक्कांनी देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली, मोठ्यानं. रूपी म्हणाली, अम्मा, जोरात! — तिला वाटलं मी मुद्दाम करतेय.

मी काय केलं? किंचाळले नाही. किंचाळायला वेळ कुठं होता. चावी एक घर मागं फिरवली, एकच घर, ओढून काढली असती तर स्टिअरिंग अडकलं असतं, हे मला ह्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. इंजिन गप्प झालं. मग गिअर खाली, आणि हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा, थोडा, थोडा. गाडी कडेला घासत घासत थांबली. थांबली तेव्हा माझ्या खिडकीतून हात काढला असता तर शहाळ्याला लागला असता. कुणाला ओरखडा नाही मामा! माणसाला नाही, शहाळ्याला नाही. एळनीरवाल्यानं उलट रूपीला एक फोडून दिलं. आणि मग मी दार उघडून उतरले आणि रस्त्यातच खाली बसले. ते तेवढं पाहिलं अक्कांनी. सून रस्त्यात बसून थरथरतेय, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. थांबवली कुणी ते नाही राहिलं.

अडकलं काय होतं? कचरा होता. कसला म्हणजे — कचरा. रस्त्यावर उडतो तो. मामा, मी सांगितलं ना, कचरा होता, ह्यांनी काढला, संपलं. आता जाळ्याही बसवल्यात कर्ण्यांच्या आत, पक्क्या, रिव्हेट मारून, शिवाय चकत्यांना दुसरी स्प्रिंग. आणि त्याच पुलावर त्याच उताराला मी एकटी गेले, पोर नाही, कुणी नाही, पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला, हे खाली उभे होते हात जोडून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझी खात्री पटेपर्यंत. माझी खात्री सहजी पटत नाही, हे तुम्हीच लग्नात म्हणाला होतात, शालू सात वेळा परत केला म्हणून.

काय? — काय म्हणालात? म्हणजे काम कच्चं होतं? दयानंदचं काम कच्चं? उघडी तोंडं ठेवून बायकापोरांना गाडीत बसवलं? नाही हां मामा. मला म्हणा काय म्हणायचं ते, त्यांना नाही म्हणायचं. उघडी नव्हती तोंडं. कधीच नसतात. चारही कर्ण्यांवर फोमचे फिल्टर असतात, टोप्यांसारखे, ह्यांनी ते खंडेनवमीला धुऊन वाळत घातले होते, पूजा होती म्हणून, वर्षातून एकदा सगळं स्वच्छ करतात तसं, आणि संध्याकाळी तेल लावून परत बसवले, बसवायच्या आधी कर्ण्यांवरची फुलंसुद्धा एकेक करून स्वतःच्या हातानं काढली त्यांनी, चार कर्णे चार फुलं, आता पाचवं एखाद्यानं आत खोल सोडलं असेल तर ह्यांना काय स्वप्न पडणार —

काही नाही. काफी गार झाली तुमची. दुसरी करते.

असे बघू नका. — बसा. बसा म्हणते ना! ऐकलंत ते ऐकलंत, आता अर्धं ऐकून जाऊ नका, अर्धं जास्त वाईट.

झेंडू होता. भिजलेला, पेट्रोलचा वास येणारा, तिसऱ्या तोंडात चकतीच्या कडेला पाचर मारल्यासारखा. पुलावर मी दाबलं तेव्हा तो आत ओढला गेला. ह्यांनी चिमट्यानं काढून हातावर घेतला, आम्ही दोघं बघतोय, आणि रूपी शेजारी उभी, ती म्हणाली, हे आजोबांचं फूल. कुणाचं? आजोबांचं. आज्जीनं चार फुलं गाडीला दिली आणि एक आजोबांना दिलं, आत. — तेव्हा कळलं आम्हाला.

तुम्हाला माहीत आहे ना, मामंजी गेल्यापासून त्यांनी गॅरेजच्या उंबऱ्यात पाय टाकला नव्हता. सगळी वर्षं खंडेनवमीला मीच हळदकुंकू लावायची हत्यारांना, त्या वर खोलीत दार लावून बसायच्या. ह्या वर्षी आपण होऊन उतरल्या. नवं नऊवारी नेसून, हातात तबक. गाडीपुढं उभ्या राहिल्या, चार उघडी तोंडं बघून मला म्हणाल्या, अग, ह्यांना असं रिकामं कसं ठेवायचं? प्रत्येकाला कुंकू लावलं. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी, मी वर जाऊन पुरणाला लागले, त्या आणि रूपी खालीच होत्या. म्हणजे तेव्हाच केव्हा तरी. त्यांच्या मनात, मामंजी असते तर त्यांनीच हे इंजिन उघडून बघितलं असतं, तर त्यांच्या नावानं एक फूल. एवढंच.

आता हे त्यांना जाऊन सांगू? नवऱ्याच्या नावानं सोडलेल्या फुलानं नात मरता मरता वाचली, हे? तुमची अक्का आहे, तुम्ही ओळखता. पुन्हा हातात तबक धरतील त्या? देवघरात तरी जातील? आम्ही दोघांनी ठरवलं, रूपीला चॉकलेट देऊन गप्प केलं, आणि मी सगळ्यांचं बोलणं खाल्लं. विनोदचं खाल्लं, तुमच्या सूनबाईचं खाल्लं, गल्लीतल्यांचं खाल्लं. खाल्लं म्हणून पचलं असं नाही. पण खाल्लं. आणि तुम्ही ह्यांच्या कामाला कच्चं म्हणालात तेव्हा — तिथं माझी जीभ सुटली. ती चूक तुमची आहे मामा, माझी नाही.

रडताय कशाला आता? पुसा डोळे. हे बघा, तुम्ही तिकडं जाऊन एक अक्षर बोलायचं नाही ह्याच्यातलं. शपथ नको, शपथेवर माझा विश्वास नाही, तुमच्या अक्कावर माया असेल तर नाही बोलणार तुम्ही. मग काय सांगणार? मी सांगते काय सांगायचं, तेवढंच सांगा. सांगा की विनोदचं खरं आहे. पाय माझाच चुकला. घाबरले, ब्रेक समजून दुसरंच दाबलं. दिव्यश्रीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हणा. हसेल विनोद, हसू दे त्याला. सांगा की पुढच्या खंडेनवमीला पूजा सासूबाईंनीच करायची, मी पुरणाचं बघेन. आणि त्याला जोडून हे सांगा, गाळू नका ह्यातलं काही — की पाय चुकलेली ती बाई सोमवारी शाळा उघडली की रूपीला घेऊन त्याच गाडीनं जाणार आहे. मंगळवारीही. चावी मागायला आता कुणाला पाठवू नका म्हणावं, मिळायची नाही. त्यांनी यावं, मागे बसावं, हवं तर देवीचं नाव घ्यावं मोठ्यानं, मी काही म्हणणार नाही. तिथं जेवढे बसले असतील त्या सगळ्यांसमोर सांगा, एकट्या विनोदच्या कानात नाही.

सरी? कळलं ना? — नाही, आता काही बोलू नका. उठा. बस जाईल तुमची.